वर्तमानपत्रात गुंडाळलेली लाज

औषधांच्या दुकानात मधुमेहाच्या गोळ्या उघड्या हातात दिल्या जातात, मूळव्याधीचे मलम दिले जाते, दाढीची पाती दिली जातात. त्यांपैकी कशालाही आवरण लागत नाही. सॅनिटरी पॅडचे पाकीट मात्र दुकानदार न सांगता वर्तमानपत्रात गुंडाळतो. पूर्वी ते काळ्या पिशवीत जाई. २०१८ साली महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि पिशवीच्या जागी कागद आला, इतकाच फरक. पाकीट घेणारी स्त्री ते आवरण मागत नाही आणि नाकारीतही नाही. देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या मनात जणू एक मूक करार झालेला असतो.

या कराराविषयी मला लिहायचे आहे. मासिक पाळीच्या साधनांत गेल्या शंभर वर्षांत जितके शोध लागले, तितके त्यापूर्वीच्या हजार वर्षांत लागले नसतील. प्रत्येक शोधाने स्त्रीच्या अंगावरचे थोडेथोडे ओझे उतरविले. परंतु उतरलेले ओझे नाहीसे झाले, की दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर जाऊन बसले, हे आपण विचारले नाही. कारण विचारायचे तर आधी बोलावे लागते. घरात सर्वांनी वाचायच्या त्रैमासिकात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. मला वाटते, तो बोलण्याची खरी जागा घर हीच आहे.

माझ्या आईच्या पिढीत साधन एकच होते, जुन्या सुती लुगड्याच्या घड्या. वसईच्या वाडीत घरामागे बावखल असे. पहाटे घर उठण्यापूर्वी त्या घड्या तेथे धुतल्या जात आणि केळीच्या आड, नाहीतर गोठ्याच्या आत, दुसऱ्या एखाद्या कपड्याखाली वाळत घातल्या जात. पावसाळ्यात त्या दोन-दोन दिवस वाळत नसत आणि ओलसरच पुन्हा वापराव्या लागत. वस्तुतः साधन म्हणून सुती कापड वाईट नव्हते. साबण लावून स्वच्छ पाण्यात धुतलेले आणि कडक उन्हात वाळविलेले कापड आजही सुरक्षित मानले जाते. ऊन हेच त्यातले जंतुनाशक. आमच्या वाडीत उन्हाला तोटा नव्हता. तरीही ते त्या कापडाला मिळत नव्हते, कारण कापड कोणाच्या दृष्टीस पडता कामा नये, असा दंडक होता. खाज, पुरळ, अंगावरून जाणे, हे सारे त्या पिढीने ‘अडचण’ या एका शब्दाखाली झाकून सोसले. दोष कापडाचा नव्हता, लपवाछपवीचा होता.

आपण ज्याला पॅड म्हणतो, त्याचा जन्म युद्धभूमीच्या आसपास झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील किंबर्ली-क्लार्क या कागद बनविणाऱ्या कंपनीने लाकडाच्या लगद्यापासून कापसासारखा दिसणारा पदार्थ तयार केला. तो कापसाहून स्वस्त होता आणि त्याच्या कितीतरी पट अधिक शोषून घेई. जखमा बांधण्यासाठी तो इस्पितळांत गेला आणि तेथील परिचारिकांनी तो आपल्या पाळीसाठीही वापरून पाहिला. युद्ध संपले, माल शिल्लक राहिला, आणि परिचारिकांच्या त्या उपयोगातून १९२० साली ‘कोटेक्स’ बाजारात आले. थोडक्यात, पहिली खरी परीक्षक कोणी शास्त्रज्ञ नव्हती. घाईत असलेली, जखमी सैनिकांत वावरणारी एक परिचारिका होती.

पण हे पाकीट विकायचे कसे? स्त्रिया ते पुरुष दुकानदाराकडे मागायला धजत नसत. मग दुकानात गल्ल्याजवळ एक पेटी ठेवण्यात आली. बाईने पेटीत पैसे टाकावेत, पाकीट उचलावे आणि एक शब्दही न बोलता निघून जावे. नवे साधन आले, पण ते मौनासह आले. आपल्याकडचे वर्तमानपत्राचे वेष्टन हे त्याच पेटीचे नात्यातले भावंड आहे.

पुढच्या काळातही हेच दिसते. सुरुवातीचे पॅड कंबरेच्या पट्ट्याला अडकवावे लागत. मेरी बिअ‍ॅट्रिस डेव्हिडसन केनर या कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रीने अशा पट्ट्यात सुधारणा करून १९५६ साली पेटंट मिळविले. एका कंपनीने आधी उत्सुकता दाखविली. परंतु ही स्त्री कृष्णवर्णीय आहे असे समजताच ती मागे फिरली. अंतर्वस्त्राला चिकटणारे पॅड १९७० च्या सुमारास आले आणि पट्ट्याचे दिवस संपले. आत धारण करावयाचा टॅम्पॉन अर्ल हास या डॉक्टरांनी बनविला; त्यांना पेटंट १९३३ साली मिळाले. लिओना चामर्स या अमेरिकन अभिनेत्रीने १९३७ साली रबरी कपाचे पेटंट घेतले. आज आपण ज्याला नवलाईची वस्तू समजतो, तो मेन्स्ट्रुअल कप अशा रीतीने जवळजवळ नव्वद वर्षांचा आहे. दुसऱ्या महायुद्धात रबराची टंचाई झाली, हे त्याच्या मागे पडण्याचे एक कारण. आणि स्त्रीने स्वतःच्या शरीराला हात लावण्याविषयीचा संकोच, हे दुसरे.

मौनाची किंमत कधीकधी प्राणांनी मोजावी लागली. १९८० साली अमेरिकेत ‘टॉक्सिक शॉक सिंड्रोम’ या आजाराने अनेक तरुण स्त्रिया दगावल्या. एका विशिष्ट जीवाणूचे विष रक्तात भिनून हा आजार होतो आणि कृत्रिम तंतूंच्या अतिशोषक टॅम्पॉनशी त्याचा संबंध असल्याचे उघड झाले. ‘रिलाय’ नावाचा टॅम्पॉन त्याच वर्षी बाजारातून काढून घेण्यात आला. किती शोषले जाते, याचा विचार झाला होता. इतका वेळ आत राहिल्यावर शरीराचे काय होते, याचा पुरेसा झाला नव्हता.

याहून नवल वाटावे अशी गोष्ट अलीकडची आहे. ही साधने किती स्राव धरून ठेवतात, हे कारखान्यांत बहुधा पाणी किंवा मिठाचे पाणी वापरून मोजले जाई. अमेरिकेतील ऑरेगन येथील संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकवीस साधने रक्तपेढीतील रक्त वापरून तपासली, तेव्हा वेष्टनावरील दावा आणि प्रत्यक्ष क्षमता यांत पुष्कळ अंतर आढळले. हा केवळ ग्राहकाच्या फसगतीचा प्रश्न नाही. एका पाळीत ८० मिलिलिटरहून अधिक रक्त जाणे हे अतिस्रावाचे लक्षण समजतात आणि डॉक्टर रुग्णाला विचारतात, दिवसाला किती पॅड लागतात? पॅड किती धरतो हेच ठाऊक नसेल, तर त्या उत्तरावरून रोगाचा अंदाज कसा बांधायचा? माणूस १९६९ साली चंद्रावर उतरला. पाळीचे साधन रक्ताने मोजून पाहायला त्यानंतर अर्धशतक उलटावे लागले.

आपल्या देशात या क्षेत्रातले सर्वांत ठळक नाव अरुणाचलम मुरुगनंतम यांचे आहे. कोइंबतूरच्या या अल्पशिक्षित कारागिराने १९९८ साली, लग्नानंतर थोड्याच दिवसांत, पत्नीला जुन्या चिंध्या लपवून नेताना पाहिले. विकतचे पॅड आणले तर घरच्या दुधाला पैसे उरणार नाहीत, असे तिचे उत्तर होते. मग त्यांनी कापसाचे पॅड स्वतः बनवायला घेतले. तपासून सांगायला स्त्रिया तयार होईनात, तेव्हा त्यांनी बकऱ्याचे रक्त भरलेला फुगा स्वतःच्या कमरेला बांधून प्रयोग केला. गावाने त्यांना वेडा ठरविले, पत्नी काही काळ माहेरी निघून गेली. कापसाऐवजी लाकडाचा तंतू लागतो, हे कळायलाच काही वर्षे गेली. अखेर मोठ्या कारखान्याचे काम लहान प्रमाणात करणारे, साध्या यांत्रिक भागांचे यंत्र त्यांनी तयार केले आणि ते बड्या भांडवलदारांना न विकता स्त्रियांच्या बचत गटांना दिले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या यंत्राहून मला त्यांची ती चाल मोलाची वाटते. एका पुरुषाने तो भार काही दिवस स्वतःच्या कमरेला बांधून पाहिला.

त्यानंतर चित्र झपाट्याने पालटले. सॅनिटरी पॅडवरचा वस्तू व सेवा कर जुलै २०१८ मध्ये रद्द झाला. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने जिल्हा परिषदेच्या शाळांतील मुलींसाठी ‘अस्मिता’ योजना आणली. जनऔषधी केंद्रांतून २०१९ पासून एक रुपयाला एक पॅड मिळू लागला. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते २४ वयाच्या तीन-चतुर्थांशांहून अधिक स्त्रिया पाळीत आरोग्याला योग्य असे साधन वापरतात, असे आढळले. तरी या वयाच्या जवळजवळ निम्म्या स्त्रिया कापडही वापरत होत्या. मी शाळेत शिकवीत असे तेव्हा आठवी-नववीतल्या मुली दर महिन्याला दोन दिवस ‘पोटदुखी’चा अर्ज आणीत. अर्ज वाचून कोणी काही विचारीत नसे आणि कोणी काही सांगत नसे. पॅड स्वस्त झाल्यावर असे अर्ज पुष्कळ कमी झाले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून पॅडला नावे ठेवणाऱ्यांत मी नाही.

तरीही पॅडची गोष्ट वापराच्या दिवशी संपत नाही. बाजारातल्या नेहमीच्या पॅडमध्ये वरचा थर प्लास्टिकचा, खालचा थर प्लास्टिकचा, आणि मधल्या लगद्यात द्रव शोषून त्याची जेली करणारी रासायनिक भुकटी असते. या भुकटीमुळेच पॅड पातळ आणि सुटसुटीत झाला. पण तो कुजत नाही. मातीत पुरला तर पिढ्यान् पिढ्या तसाच राहतो. जाळायचा तर भट्टीचे तापमान ८०० अंश सेल्सिअसच्या वर हवे; त्याहून कमी उष्णतेवर त्याच्या धुरातून विषारी द्रव्ये बाहेर पडतात. शाळांतून बसविलेल्या लहान भट्ट्यांपैकी कितींना हे साधते, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे.

आणि या साऱ्याच्या अलीकडे एक माणूस उभा असतो. आमच्या भागातील एका सभागृहात लग्नसराईनंतर स्वच्छतागृहाची नळी तुंबली होती. ती मोकळी करणाऱ्या बाईंशी मी बोलत होते. त्यांच्या हातात मोजे नव्हते. त्या शांतपणे म्हणाल्या, “टीचर, ज्यांना आपलं आपल्याला बघवत नाही, त्यांचं मी हातानं काढते.” त्या वाक्यात तक्रार नव्हती. पण या विषयावर मी जे काही वाचले, त्यात इतके नेमके काही माझ्या वाचनात आलेले नाही. पूर्वी स्त्री स्वतःचे कापड पहाटेच्या अंधारात स्वतः धूत असे. आता ते काम दुसऱ्या स्त्रीकडे गेले आहे, आणि तिच्याकडे ते गेले आहे हे आपल्याला दिसू नये, अशी सोय आपण करून ठेवली आहे.

पुण्यात हे उघडपणे मांडले गेले ते कचरावेचक स्त्रियांकडून. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना १९९३ साली उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली. या संस्थेने २०१७ साली नागरिकांना एक साधी विनंती केली, की वापरलेले पॅड आणि बाळांचे डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, म्हणजे हाताळणाऱ्या बाईला आत काय आहे ते उघडण्यापूर्वीच कळेल. याला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. एक लाल पेन पुरते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी पॅडच्या उत्पादकांवर टाकून देण्याची पिशवी पाकिटासोबत पुरविण्याची जबाबदारी टाकली होती. ती सगळीकडे पाळली गेली असती, तर ठिपक्यासाठी आर्जव करावे लागले नसते. वर्तमानपत्राचा कागद येथेही आहे. पण दुकानातला कागद लपविण्यासाठी असतो आणि हा कागद दुसऱ्याच्या हाताची काळजी घेण्यासाठी.

नवे शोधही आता या दिशेला वळू लागले आहेत. पुण्याच्याच अजिंक्य धारिया या तरुण अभियंत्याने ‘पॅडकेअर लॅब्ज’ ही संस्था काढली. कार्यालये व वसतिगृहांत ठेवलेल्या विशिष्ट डब्यांतून वापरलेले पॅड गोळा करायचे, यंत्रात त्यांचे तुकडे करून ते निर्जंतुक करायचे आणि लगदा व प्लास्टिक वेगळे काढून पुन्हा उपयोगात आणायचे, अशी ही पद्धत आहे. अहमदाबादेत २०१५ साली सुरू झालेली ‘साथी’ ही संस्था केळीच्या खोडातील तंतूपासून पॅड बनविते आणि ते कुजून मातीत मिसळतात. हे वाचले तेव्हा मला आमच्या वाडीतल्या केळी आठवल्या. ज्यांच्या आड आमच्या आया कापडे लपवीत, त्या केळीच्या खोडातच उत्तराचा एक धागा होता. घड उतरविल्यावर ते खोड आपण बांधावर फेकून देत आलो.

आणि तो नव्वद वर्षांचा कप नव्या रूपात परत आला आहे. आता तो रबराऐवजी वैद्यकीय प्रतीच्या सिलिकॉनचा असतो. तो स्राव शोषत नाही, साठवतो. बारा तासांपर्यंत ठेवता येतो, रिकामा करून धुऊन पुन्हा वापरता येतो, आणि प्रत्येक पाळीनंतर उकळून ठेवल्यास अनेक वर्षे, काही तर दहा वर्षांपर्यंत, टिकतो. ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात २०१९ साली ४३ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात कप सुरक्षित आढळले आणि ज्यांनी तो वापरून पाहिला, त्यांतल्या सुमारे ७० टक्के स्त्रियांनी पुढेही तोच वापरण्याची इच्छा दर्शविली. ज्यांनी तांबी बसविली आहे त्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. माझी सून कप वापरते. महिन्यातून एकदा त्यासाठीचे वेगळे पातेले चुलीवर चढते आणि पुष्कळदा माझा मुलगाच ते चढवितो. माझ्या आईला हे दृश्य दाखविता आले असते, तर ती आधी लाजली असती आणि मग बहुधा हसली असती.

केरळमध्ये कोचीजवळ कुंबळंगी नावाचे मच्छीमारांचे गाव आहे. आपल्यासारखीच ख्रिस्ती कुटुंबांची तेथे मोठी वस्ती आहे. जानेवारी २०२२ मध्ये ही ग्रामपंचायत देशातील पहिली सॅनिटरी नॅपकिनमुक्त पंचायत म्हणून घोषित झाली. एका योजनेतून तेथे हजारो कप वाटण्यात आले आणि वाटपाआधी ते कसे वापरावेत, याच्या बैठका झाल्या. मला महत्त्व वाटते ते या बैठकांचे. नुसते वाटलेले कप कपाटात राहतात. बोलून समजावलेले वापरात येतात.

येथे आपल्या घरांतून एक प्रश्न हळू आवाजात विचारला जातो. लग्नाआधी मुलीने असे साधन वापरले तर तिच्या कौमार्याचे काय? हा प्रश्न टाळून चालणार नाही, कारण त्यापायी पुष्कळ आया नुसते नाव काढताच दार लावून घेतात. वैद्यकशास्त्र सांगते, की ते नाजूक पटल प्रत्येकीचे निराळे असते, खेळताना वा सायकल चालवितानाही ताणले जाऊ शकते आणि त्यावरून कोणाच्या चारित्र्याचा निर्णय करता येत नाही. परंतु ख्रिस्तसभेने यासाठी आधुनिक वैद्यकाची वाट पाहिलेली नाही. संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकात लिहिलेल्या ‘ईश्वराचे नगर’ या ग्रंथाच्या पहिल्याच भागात सुईणीच्या तपासणीत एखाद्या कुमारिकेच्या शरीराला इजा झाल्याचा दाखला घेतला आहे आणि त्यामुळे तिच्या पावित्र्यात तिळमात्रही उणेपणा येत नाही, असे स्पष्ट प्रतिपादन केले आहे. पावित्र्य संकल्पात असते. सोळाशे वर्षांपूर्वीच्या धर्माचार्यांना जे उमगले होते, त्यावर आपण अजून कुजबुजावे, हे बरे नव्हे.

मात्र एवढ्यावर थांबलो, तर हा लेख निव्वळ वस्तूंचा होईल. साधन कितीही चांगले असो, ते धुवायला पाणी, बदलायला आडोसा आणि टेकायला घटकाभर उसंत लागते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांकडे पाहावे. नवरा-बायकोचे जोडपे मिळून एक ‘कोयता’ समजला जातो, मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतलेली असते आणि एका दिवसाचा खाडा झाला तर दंड कापला जातो. फडाजवळच्या कोपीत ना न्हाणीघर ना शौचालय. शासनाने नेमलेल्या समितीने २०१९ साली जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढून टाकलेली आढळली. पुष्कळजणी ऐन तिशी-चाळिशीतल्या. अंगावरून जाण्याची तक्रार घेऊन त्या डॉक्टरांकडे गेल्या, कर्करोगाची भीती घालण्यात आली, उचल काढून खर्च भागविला गेला. पाळीच नको, म्हणजे खाडा नको. जेथे पाणी आणि विसावा देता येत नाही, तेथे बाईच्या शरीराचा अवयवच अडथळा ठरतो. असल्या ‘उपाया’ला शोध म्हणायला जीभ धजत नाही.

संत मार्क यांच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील स्त्री आपण साऱ्यांनी ऐकली आहे. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली, अनेक वैद्यांच्या हातून फार सोसलेली, जवळचे सर्व काही खर्चून बसलेली. बीडच्या त्या स्त्रियांची माहिती वाचल्यावर हे वर्णन मला दोन हजार वर्षांपूर्वीचे वाटेनासे झाले. लेवीय ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायानुसार ती अशुद्ध होती. तिला शिवणाराही अशुद्ध. म्हणून तिने गर्दीत मागून येऊन वस्त्राला स्पर्श केला. ती बरी झाली. गोष्ट तेथेच संपविता आली असती आणि तिचीही इच्छा तशीच असावी. परंतु प्रभू थांबतो, कोणी स्पर्श केला असे विचारतो, आणि तिला भर लोकांत बोलू देतो. ती थरथरत पुढे येते, सारे सत्य सांगते आणि प्रभू तिला कन्या म्हणून हाक मारतो. केवळ शरीर बरे करून त्याचे समाधान झाले नाही. लपण्याचे कारणही त्याला दूर करायचे होते.

ख्रिस्तसभेने हा धागा पुढे नेल्याचा एक जुना पुरावा आहे. इंग्लंडमध्ये सुवार्तेसाठी गेलेले कँटरबरीचे ऑगस्टीन (हे वरच्या संत ऑगस्टीनहून निराळे) यांनी पोप ग्रेगरी यांना विचारले होते, की पाळीत असलेल्या स्त्रीने चर्चमध्ये यावे काय, पवित्र प्रसाद घ्यावा काय? बीड नावाच्या मठवासी इतिहासकाराने नोंदलेल्या इ. स. ६०१ मधील उत्तरात पोप म्हणतात, तिला चर्चमध्ये येण्यास मनाई करू नये आणि प्रसाद घेण्यापासूनही अडवू नये; निसर्गतः जे घडते, तो तिचा अपराध नव्हे. दाखला त्यांनी याच स्त्रीचा दिला. तरीसुद्धा माझ्या लहानपणी त्या दिवसांत काही वृद्ध स्त्रिया मिस्साला मागच्या बाकावर बसत. त्यांना कोणी बसविले नव्हते. चौदा शतकांपूर्वीचे पत्र त्यांच्यापर्यंत पोचलेच नव्हते.

आपण या विषयावर मुळीच बोलत नाही, असेही नाही. विवाहपूर्व शिबिरात नैसर्गिक कुटुंबनियोजन शिकविताना भावी वधू आणि वर शेजारी बसून स्त्रीच्या मासिक चक्राचे तक्ते पाहतात. मेलबर्नच्या जॉन व एव्हलिन बिलिंग्ज या कॅथलिक डॉक्टर दांपत्याची पद्धत आपल्या पुष्कळ कुटुंबांनी ऐकली आहे. पंचविसाव्या वर्षी जे मुलामुलींना एकत्र सांगता येते, ते बाराव्या वर्षी, गरज दाराशी उभी असताना, निदान प्राथमिक स्वरूपात का सांगता येऊ नये? धर्मशिक्षणाच्या वर्गात एखाद्या सिस्टरने किंवा डॉक्टर बाईने एक तास घेतला आणि मुलांनाही त्यात बसविले, तर उद्याचे दोन-चार पती, बाप आणि दुकानदार तरी निराळे निघतील.

धर्मग्रामापुरते करण्याजोगे फार अवघड नाही. सभागृहाच्या आणि शाळेच्या स्वच्छतागृहात झाकणाचा डबा, जवळ जुने कागद आणि दोरीला बांधलेले लाल पेन. दाराला आतून लागणारी कडी. नळाला पाणी. साफसफाई करणाऱ्या बाईंसाठी मोजे आणि त्यांचे नाव ठाऊक असणे. पॅड, कापड की कप, हे प्रत्येकीने आपापल्या सोयीने ठरवावे. मात्र तीनही साधने आहेत, हे तिला माहीत असावे आणि वापरल्यावर त्यांचे काय होते, हेही.

त्या स्त्रीच्या गोष्टीच्या आगेमागे संत मार्क यांनी दुसरी गोष्ट गुंफली आहे, याईराच्या मुलीची. ती बारा वर्षांची होती, असे त्यांनी मुद्दाम लिहिले आहे. प्रभूने तिला हाताला धरून उठविले आणि सारे थक्क झाले असताना तिला काहीतरी खायला द्या, असे सांगितले. एवढ्या मोठ्या चमत्कारानंतर त्याला त्या मुलीची भूक दिसली. आपल्या धर्मग्रामातही बारा वर्षांच्या मुली आहेत. त्यांच्या जेवणाची काळजी आपण घेतोच. त्यांच्यासाठी पाणी, एक डबा आणि मोकळेपणाने विचारता येईल असे एक माणूस, एवढे करायचे राहिले आहे.